विश्लेषण : सरकार पोहोचले नाही तिथे संस्था काय करू शकते? स्वामी रामानंद तीर्थांच्या आयुष्यात सापडणारे उत्तर

दरवर्षी १७ सप्टेंबरला नांदेड, लातूरसह संपूर्ण मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजवंदन होते आणि स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रतिमेला हार घातला जातो. हैदराबाद मुक्तिलढ्याचे नेते ही त्यांची ओळख सर्वांना आहे. पण लढ्याच्या आधी ते खेड्यातल्या शाळेत शिकवत होते आणि लढा संपल्यावर पुन्हा कॉलेज, खादी केंद्र अशा संस्थांच्या कामाकडे वळले. गावातल्या शाळा, दवाखाना, रोजगार या सेवा सरकारने द्यायच्या की स्वयंसेवी संस्थांनी, हा वाद आजही सुरू आहे. स्वामीजींनी या प्रश्नाचे उत्तर भाषणात दिले नाही, त्यासाठी आयुष्य घालवले. ते उत्तर काय होते?

स्वामीजी मूळचे कोण?

त्यांचे मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे. शालेय शिक्षण सोलापुरात सुरू असताना १९२० मध्ये असहकार आंदोलनाची हाक आली आणि त्यांनी सरकारी मान्यतेची शाळा सोडली. लोकमान्य टिळकांच्या निधनाची बातमी आली त्या दिवशी त्यांनी आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याची शपथ घेतली. पुढचे शिक्षण त्यांनी राष्ट्रीय शिक्षण देणाऱ्या संस्थांत पूर्ण केले. पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठाची एम.ए. ही पदवी त्यांनी मिळवली.

म्हणजे त्यांचे स्वतःचे शिक्षणच सरकारच्या नव्हे तर लोकांच्या संस्थांमध्ये झाले. वर्गणीवर, देणगीवर आणि ध्येयवादी शिक्षकांच्या जोरावर चालणारी संस्था कशी उभी राहते, हे त्यांनी विद्यार्थी म्हणून जवळून पाहिले होते.

शिक्षण संपल्यावर ते कामगार नेते ना. म. जोशी यांच्यासोबत काम करू लागले. संघटना बांधणे, निवेदने तयार करणे, कागदपत्रे आणि हिशेब नीट ठेवणे याचे धडे तिथे मिळाले. त्याच काळात गंभीर आजारपण आले आणि ते काम थांबले. प्रकृती सावरू लागल्यावर त्यांनी रस्ता बदलला. मोठ्या शहरातल्या चळवळीतून ते निजामाच्या राज्यातल्या एका खेड्यात, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत दाखल झाले.

निजामाच्या राज्यात शाळा चालवणे इतके कठीण का होते?

हैदराबाद हे देशातील सर्वांत मोठ्या संस्थानांपैकी एक. तेलुगू, मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारे लोक तिथे राहत. मराठी बोलणाऱ्यांचा वाटा सुमारे एक चतुर्थांश होता. मात्र राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच ठेवण्यात आले. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता. पण मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या मुलासाठी उर्दू ही घरची भाषा नव्हती. त्याला पहिल्या पायरीवरच अडखळावे लागे.

सरकारी शाळा मोजक्या आणि त्याही मोठ्या गावांत. लोकांनी स्वतः शाळा काढायची म्हटले तर परवानगी लागे. सभा घ्यायची तर गश्ती निशाण ५३ या कुप्रसिद्ध परिपत्रकाचा अडसर होता. वाचनालय, व्यायामशाळा, गणेशोत्सव, शाळा, कशाकडेही संशयाने पाहिले जाई. परिणाम साक्षरतेत दिसत होता. १९५१ च्या जनगणनेतही हैदराबाद राज्यात शंभर माणसांमागे दहा जणही साक्षर नव्हते.

जिल्ह्यांचा नकाशाही आजच्यासारखा नव्हता. नांदेड हा जिल्हा होता. लातूर मात्र उस्मानाबाद जिल्ह्यातील एक तालुका, तर उदगीर बीदर जिल्ह्यात होते. लातूर जिल्हा १९८२ मध्ये अस्तित्वात आला.

हिप्परगा आणि अंबाजोगाईत काय घडले?

हिप्परगा हे गाव आज लातूरच्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात, लोहारा तालुक्यात आहे. असहकाराच्या वातावरणात स्थानिक कार्यकर्त्यांनी तिथे राष्ट्रीय शाळा सुरू केली होती. स्वामीजी या शाळेचे मुख्याध्यापक झाले. पुस्तकी शिक्षणासोबत सूतकताई, अंगमेहनत आणि समूहजीवन हा तिथल्या दिनक्रमाचा भाग होता. याच काळात त्यांनी संन्यास घेतला आणि व्यंकटेश खेडगीकरांचे स्वामी रामानंद तीर्थ झाले.

हा संन्यास मठात जाऊन बसण्यासाठी नव्हता. घर, मालमत्ता आणि नात्यागोत्याचा हितसंबंध मागे सोडून पूर्णवेळ सार्वजनिक काम करण्यासाठी होता. त्याचा एक व्यावहारिक परिणाम झाला. संस्थेचा पैसा आणि कार्यकर्त्याचा संसार यांची गल्लत होण्याचा प्रश्नच उरला नाही. गावकऱ्यांचा विश्वास बसण्यात या गोष्टीचा मोठा वाटा होता.

पुढे बाबासाहेब परांजपे यांच्यासारख्या सहकाऱ्यांसह स्वामीजी अंबाजोगाईला गेले. त्या वेळी या गावाचे नाव मोमिनाबाद होते. १९३० च्या दशकाच्या मध्यात तिथे योगेश्वरी नूतन विद्यालय आकाराला आले. आजूबाजूच्या खेड्यांतली मुले या शाळेत येऊ लागली. तिथून शिकून बाहेर पडलेले तरुण पुढे स्वातंत्र्यलढ्यात, शिक्षणात आणि सहकारात दिसू लागले.

म्हणजे पहिल्या टप्प्यात संस्थेने उणीव भरून काढली. राज्य जी सेवा देत नव्हते, ती लोकांच्या मदतीने दिली.

मग शाळा सोडून राजकारणात का गेले?

शाळा कितीही चांगली चालली तरी तिचे भवितव्य एका सरकारी आदेशावर अवलंबून होते. परवानगी मिळाली तर शाळा सुरू, नाही मिळाली तर बंद. एका गावात शाळा झाली तरी शेजारची गावे तशीच राहत. मराठवाडाभर शाळा हव्या असतील तर जनतेला जबाबदार असणारे सरकार हवे, या निष्कर्षावर स्वामीजी आणि त्यांचे सहकारी आले.

१९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले. दुसरे अधिवेशन १९३८ मध्ये लातूरला भरले. या परिषदेची सुरुवातीची भूमिका मवाळ होती. मातृभाषेतून शिक्षण आणि नागरी स्वातंत्र्य यांसारख्या मागण्यांवर तिचा भर होता. या कामात स्वामीजी अग्रभागी होते. १९३८ मध्येच हैदराबाद स्टेट काँग्रेसची स्थापना झाली. संघटना रीतसर उभी राहण्याआधीच निजाम सरकारने तिच्यावर बंदी घातली. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामीजींना तुरुंगात जावे लागले. पुढच्या दहा वर्षांत त्यांना पुन्हा पुन्हा अटक झाली.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. राजकीय लढ्यासाठी लागणारे जाळे आधीच तयार होते. शाळांचे शिक्षक, माजी विद्यार्थी, वाचनालयांचे सभासद, खादीचे कार्यकर्ते गावोगाव होते. निरोप पोहोचवण्यासाठी, भूमिगतांना आसरा देण्यासाठी आणि पत्रके वाटण्यासाठी हीच माणसे उपयोगी पडली.

१९४७-४८ मध्ये नेमके काय झाले?

स्टेट काँग्रेसवरची बंदी १९४६ मध्ये उठली. जून १९४७ मध्ये हैदराबादला झालेल्या अधिवेशनाचे अध्यक्ष स्वामीजी होते. संस्थान भारतात विलीन झाले पाहिजे, ही मागणी तिथे ठामपणे मांडली गेली. ७ ऑगस्ट १९४७ हा दिवस विलीनीकरणाच्या मागणीसाठी पाळण्यात आला. १५ ऑगस्टला देश स्वतंत्र झाला त्या दिवशी हैदराबाद संस्थानात तिरंगा फडकवणे हा गुन्हा होता. स्वामीजींना अटक झाली. जैसे थे करारानंतर त्यांची सुटका झाली, पण जानेवारी १९४८ मध्ये ते पुन्हा तुरुंगात गेले.

या वर्षभरात रझाकारांच्या अत्याचारांमुळे सीमेवरच्या गावांतून लोक बाहेर पडले. नांदेडला लागून असलेल्या उमरखेडसह सीमेवर अनेक ठिकाणी कार्यकर्त्यांची केंद्रे उभी राहिली. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. स्वामीजींची सुटका झाली.

मात्र आनंदाला काळी किनार होती. कारवाईच्या काळात आणि त्यानंतर मुस्लीम समाजावर मोठ्या प्रमाणावर हिंसाचार झाला. केंद्र सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने ज्या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ पोहोचल्याचे नोंदवले, त्यात नांदेड, उस्मानाबाद आणि बीदरचा समावेश होता. चौथा जिल्हा गुलबर्गा. आधी रझाकारांनी आणि नंतर सूडाने उसवलेला हा समाज होता. नव्या संस्था याच भूमीत उभ्या करायच्या होत्या.

स्वातंत्र्यानंतर सत्ता मिळाली का?

लढ्याचे सर्वोच्च नेते असूनही स्वामीजी मुख्यमंत्री झाले नाहीत. १९५२ च्या निवडणुकीनंतर बुर्गुल रामकृष्ण राव हैदराबाद राज्याचे मुख्यमंत्री झाले. पक्षात दोन गट होते आणि त्यांच्यातील तणाव लपून राहिलेला नव्हता. स्वामीजी १९५२ मध्ये गुलबर्ग्यातून आणि १९५७ मध्ये औरंगाबादमधून लोकसभेवर निवडून गेले. जमीन सुधारणा आणि कुळांचे हक्क हे त्यांच्या आग्रहाचे विषय होते. आचार्य विनोबा भावे यांच्या भूदान चळवळीला त्यांनी साथ दिली.

हैदराबाद राज्याचे भाषेनुसार विभाजन व्हावे, असे त्यांचे स्पष्ट मत होते. ज्या राज्याच्या मुक्तीसाठी तुरुंग भोगला, ते राज्यच विसर्जित करण्याची ही मागणी होती. तिच्यामागे जुनाच धागा होता. शाळा, कचेरी आणि न्यायालय लोकांच्या भाषेत चालले नाही तर सेवा लोकांपर्यंत पोहोचत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला हे राज्य संपुष्टात आले आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात सामील झाला.

नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे महत्त्व काय?

१९५० मध्ये नांदेड एज्युकेशन सोसायटीच्या वतीने पीपल्स कॉलेज सुरू झाले. त्यामागे स्वामीजींचे नेतृत्व होते. मराठवाड्याला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले ते त्यानंतर आठ वर्षांनी, १९५८ मध्ये औरंगाबादला. हे कॉलेज सुरू होईपर्यंत नांदेड परिसरातल्या मुलाला पदवी घ्यायची तर दूर हैदराबाद गाठावे लागे. हा खर्च परवडणारी घरे थोडी होती आणि मुलींना इतक्या लांब पाठवणारी त्याहून थोडी.

कॉलेजच्या नावातच भूमिका होती. कुणा राजाचे, देणगीदाराचे किंवा जातीचे नाव न देता ते लोकांचे कॉलेज ठरवले गेले. विचारवंत नरहर कुरुंदकर याच कॉलेजात प्राध्यापक आणि पुढे प्राचार्य होते. नांदेडच्या बौद्धिक जीवनाचे ते अनेक वर्षे केंद्र राहिले.

स्वातंत्र्याच्या आधी परवानगीसाठी सरकारशी झगडावे लागत होते. आता सरकार आपलेच होते. तरीही सरकार करील म्हणून हात बांधून न बसता संस्थेने सुरुवात केली आणि नंतर सरकारी अनुदान व विद्यापीठाची मान्यता तिच्या पाठीशी आली. संस्था पुढे, सरकार मागून, पण दोघे एकाच कामात, असा हा दुसरा नमुना होता.

उदगीरचे कापड आणि नांदेडचा तिरंगा यांचा संबंध काय?

स्वामीजींच्या कामाचा तिसरा नमुना म्हणजे खादी. मराठवाड्यासाठी स्वतंत्र खादी ग्रामोद्योग समिती १९६७ मध्ये नांदेडला स्थापन झाली. स्वामीजी आणि गोविंदभाई श्रॉफ हे तिचे आधारस्तंभ होते. मुक्तिलढ्यानंतर या दोघांचे राजकीय रस्ते वेगळे झाले होते. संस्थेच्या कामात मात्र ते एकत्र आले.

कोरडवाहू शेतीत पेरणी आणि काढणीचे दिवस सोडले तर हाताला काम नसते. सूतकताई आणि विणकाम यांतून घरच्या घरी, विशेषतः बायकांना, थोडा का होईना नियमित पैसा मिळावा हा हेतू होता. याच समितीच्या उदगीर केंद्रात राष्ट्रध्वजाचे कापड विणले जाते आणि नांदेडला ध्वज तयार होतो. राष्ट्रध्वजाचे माप, रंग आणि कापड यांबाबत नियम काटेकोर असल्याने हे काम देशात मोजक्याच संस्था करतात. ज्या माणसाला तिरंग्यासाठी तुरुंगात जावे लागले, त्यानेच उभ्या केलेल्या संस्थेतून तिरंगा देशभर जातो.

पण हे काम सरकारी धोरणावर किती अवलंबून आहे, हे अलीकडे दिसले. ध्वजसंहितेनुसार तिरंगा हाताने कातलेल्या आणि विणलेल्या कापडाचाच हवा होता. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रावर बनवलेल्या आणि पॉलिस्टरच्या ध्वजालाही परवानगी मिळाली. ध्वज स्वस्त झाला, घरोघरी पोहोचला. खादी संस्थांसमोर मात्र स्पर्धा उभी राहिली. एका ओळीच्या बदलाचा परिणाम उदगीरच्या मागावर होऊ शकतो.

या मार्गाच्या मर्यादा कोणत्या?

पहिली मर्यादा व्याप्तीची. हिप्परगा, अंबाजोगाई किंवा नांदेडची एखादी संस्था नमुना दाखवू शकते, पण हजारो गावांत शिक्षक नेमू शकत नाही. ते काम जिल्हा परिषदेच्या शाळांनीच केले.

दुसरी मर्यादा माणसांची. संन्यासी मुख्याध्यापक आणि तुटपुंज्या मानधनावर राबणारे सहकारी ही लढ्याच्या काळातील गोष्ट होती. सेवा कायम चालवायची तर शिक्षकाला, परिचारिकेला, विणकराला योग्य वेतन हवे. त्यागाच्या नावाखाली कमी पगारात राबवून घेणे हा मार्ग असू शकत नाही.

तिसरी मर्यादा पुढच्या पिढीची. १९८३ नंतर राज्यात विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी मिळाली. शिक्षणाचा विस्तार झाला, लातूर तर शिक्षणाचे मोठे केंद्र बनले. पण संस्था या शब्दाचा अर्थही बदलला. पूर्वी संस्था म्हणजे लोकांची वर्गणी आणि कार्यकर्त्यांचे कष्ट. आता अनेकदा संस्था म्हणजे संस्थाचालक, त्याचे घराणे आणि प्रवेशाचे शुल्क. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी दोघांचीही सारखीच असते.

आज स्वयंसेवी संस्थांची भूमिका कशी बळकट होऊ शकते?

स्वामीजींच्या परिसरातच नंतरच्या काळात याची उदाहरणे घडली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे उद्ध्वस्त केली. घरे बांधण्याचा पैसा सरकार आणि जागतिक बँकेकडून आला. पण कोणत्या घराला काय मदत मिळणार, भिंत भूकंपाला टिकेल अशी कशी बांधायची, हे घरोघर सांगायला सरकारकडे माणसे नव्हती. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने गावातल्याच महिलांना संवाद सहायक म्हणून तयार करण्यात आले. त्या गावकरी आणि इंजिनिअर यांच्यातील दुवा बनल्या.

दुसरे उदाहरण आरोग्याचे. २००७ पासून राज्यात आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेखीचा कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या पाच जिल्ह्यांत उस्मानाबाद होता. यात संस्थांनी दवाखाना चालवला नाही. सरकारी दवाखान्यात डॉक्टर असतात का, औषधे मिळतात का, पैसे मागितले जातात का, याची नोंद गावातल्या समितीने करायची आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडायची, अशी ही पद्धत होती.

कायद्यानेही आता जागा दिली आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. राज्याच्या लोकसेवा हक्क कायदा २०१५ मुळे अधिसूचित दाखले आणि सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा हक्क झाला. मुदत चुकली तर दोन वेळा अपील आणि त्यानंतर आयोगाकडे दाद मागता येते. पण अपील कसे करायचे हे वाडी-तांड्यावरच्या माणसाला कोण सांगणार? समितीच्या बैठका कागदावर होतात की खरोखर, हे कोण पाहणार? स्थानिक संस्थांसाठी हे मोठे काम आहे.

त्यासाठी काही अटी स्वामीजींच्या कामातूनच पुढे येतात. संस्थेचे कार्यकर्ते त्याच भागातले असावेत. हिशेब गावासमोर उघडा असावा. सरकारी निधी घेतला तरी सरकारला प्रश्न विचारण्याची मोकळीक असावी. सरकारनेही संस्थेला स्वस्त ठेकेदार समजू नये आणि निधी वर्ष संपताना देऊन काम रखडवू नये.

स्वामीजींचा वारसा आज कुठे दिसतो?

२२ जानेवारी १९७२ ला हैदराबादमध्ये स्वामीजींचे निधन झाले. मागे संपत्ती किंवा राजकीय घराणे नव्हते. अंबाजोगाईच्या सरकारी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे. १७ सप्टेंबर १९९४ ला नांदेडला स्थापन झालेले विद्यापीठही त्यांच्याच नावाचे आहे. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे त्याचे कार्यक्षेत्र असून लातूरला त्याचे उपकेंद्र आहे.

एकेकाळी मराठी शाळेच्या परवानगीसाठी झगडावे लागले त्या भागात आज सरकारी विद्यापीठ आहे. स्वामीजींच्या मार्गाचा शेवट असाच अपेक्षित होता. संस्थेने सेवा सुरू करायची, लोकांनी ती हक्क म्हणून मागायची आणि सरकारने ती सर्वांसाठी चालवायची. त्यानंतरही संस्थेचे काम संपत नाही. शाळेत शिक्षक आहे का, दवाखान्यात औषध आहे का, हे विचारणारे कुणीतरी गावात असावे लागते. नांदेड आणि लातूरच्या खेड्यांत हे काम आजही अपुरे आहे.